जागेवर जाऊन

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मोठेबाबा,

सप्रेम जय भीम.

तुम्ही श्रूजबरीत, मी पिस्कॅटवेत, मध्ये चार तासांचा हायवे, आणि मी पोस्टाचं तिकीट शोधत फिरतेय! सांगितलं तर ऑफिसातले हसतात. पण तुमची अट ती अट. "फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं लावतो, ते पोलीस खात्यात चालायचं, घरात नाही," असं तुम्हीच म्हणाला होतात. माझं मराठी नागपूरच्या शाळेत सातवीपर्यंतचं आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तपासत बसू नका.

तर ऐका. मला चौथा सिनेमा मिळाला!

तुम्हाला वाटेल, त्यात काय, तीन तर केलेच आहेत. पण तिसरा असा आपटला होता की दीड वर्ष कोणी माझा फोन घेत नव्हतं. पहिला, गॅस स्टेशनवरच्या खुनाचा, अकरा दिवसांत शूट केला तेव्हा सगळे म्हणाले, ही मुलगी कोण? दुसरा ट्रकचोरांचा, तेव्हा म्हणाले, क्राइम ड्रामा हिच्याकडूनच करून घ्यावा. तिसऱ्यानंतर म्हणाले, संपली. एजंट तर स्पष्टच बोलला: हा चौथा पडला तर पाचवा नाही, कॉलेजात शिकवायला जा. म्हणजे हा शेवटचा डाव आहे, मोठेबाबा.

माझ्या सिनेमाची सुरुवात आठवते ना? रिकामी जागा. आधी पूर्व, मग दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर. माणूस नाही, म्युझिक नाही. एका समीक्षकाने लिहिलं की ही शैली मी युरोपातल्या चित्रकारांकडून घेतली. मी पोट धरून हसले. मी अकरा वर्षांची असताना नागपुरात माझी सायकल चोरीला गेली, मी भोकाड पसरलं, आणि ठाण्यातून नुकतेच आलेले तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "रडणं नंतर. आधी जागा सांग. पूर्वेला काय होतं?" मी म्हटलं, मला वाटतं पानठेला होता. तुम्ही म्हणालात, "पंचनाम्यात 'वाटतं' नसतं. दिसलं ते सांग." एवढंच माझं फिल्म स्कूल.

आता गोष्ट. एका छोट्या गावातला पोलीस ठाण्याचा कारकून. लॉन्ड्रीत दरोडा पडतो. कारकून जागेवर न जाताच ठाण्यात बसून रिपोर्ट टाइप करतो: मागच्या खोलीत उत्तरेला दरवाजा, अर्धवट उघडा. त्या एका ओळीवर तिथला कामगार तुरुंगात जातो, कारण किल्ल्या त्याच्याकडे. खरं म्हणजे उत्तरेला नुसती भिंत आहे. शेवटी कोर्टात कारकून उभा राहतो आणि म्हणतो, मी तिथे गेलोच नव्हतो.

हे मला तुमच्यामुळेच सुचलं. तुम्ही एकदा हसत सांगितलं होतं की अर्धे पंचनामे चहाच्या टपरीवरच व्हायचे. आणि दुपारी झोपेत तुम्ही "दरवाजा अर्धवट उघडा... नाही, उत्तरेस भिंत, उत्तरेस भिंत" असं पुटपुटायचात, आम्ही पोरं दाराआड हसायचो. आठवतं?

शूटिंग वूस्टरला आहे, तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तीन दिवस या. आणि टायटल्समध्ये तुमचं नाव टाकायचं आहे. नाही म्हणायचं नाही.

तुमची
उपासना


श्रूजबरी
२९ ऑगस्ट २०२४

चि. उपासनास,

अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मोठीआईला, रत्नाबाईला, मोठ्यानं वाचून दाखवलं, आमचा अनुप ऑफिसातून आला तेव्हा तिनं त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं. घरात दुधात साखर पडली आहे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझे वडील, असते तर "फार्मसी केली असती तर" हे वाक्य आता तरी त्यांनी गिळलं असतं.

शूटिंग बघायला येतो. चहा मिळणार असेल तर तीन काय, तेरा दिवस येतो.

नाव मात्र टाकायचं नाही. कुठेही नाही, बारीक अक्षरातसुद्धा नाही. कारण विचारू नको. रिटायर माणसाचं नाव असं सिनेमात आलेलं खात्याला आवडत नाही, असं समज.

झोपेत माणूस काय बोलतो त्याला पुरावा मानत नाहीत.

तुझा मोठेबाबा
दादाराव गजभिये

(रत्नाबाई लिहिते: खात्यातून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, आता कसलं आवडत नाही? यांना काहीतरी टोचतंय. ये म्हणावं घरी, पाटोडीचा रस्सा करते.)


श्रूजबरी
२० ऑक्टोबर २०२४

चि. उपासनास,

जय भीम.

तीन दिवस तुझं राज्य पाहिलं. साठ माणसं, आणि तू नुसतं बोट केलंस की गप्प. मी ठाणेदार पाहिले, एसपी पाहिले, पण असा दरारा पाहिला नाही. अन् तो दरारा कोणाचा, तर जिला शिंकरायला मी रुमाल धरायचो तिचा! अभिमानानं छाती फुगली, शर्टाचं बटन तुटलं. ते बटन रत्नाबाईनं लावून दिलं आहे.

तुझा शॉट मी बिघडवला त्याबद्दल माफी. तो उंच माणूस खोलीतला दिवा उचलून दुसरीकडे ठेवायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घटनास्थळाला हात लावू नका!" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. तुझी ती सहायक पायल, प्लेनोची, तिनं त्या माणसाला इंग्रजीत काय समजावलं कोण जाणे, पण नंतर तो दिवा हलवण्याआधी माझ्याकडे बघून परवानगी घेत होता.

तुझा तो कारकून झालेला नट फार मोठा माणूस आहे म्हणतात. रत्नाबाईचा रस्सा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसऱ्यांदा मागितला. माणूस खरा आहे.

आता तक्रार. आधीच्या तिन्ही सिनेमांत तू चारही दिशा दाखवल्यास. यात मी मोजल्या, तीनच. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीची पूर्व, दक्षिण, पश्चिम. उत्तर कुठे गेली? उत्तरेला तुझे कॅमेरावाले आणि वायरींचं जंगल उभं होतं. म्हणजे ज्या भिंतीवरून सगळं रामायण घडतं, ती भिंतच तू दाखवत नाहीस. हे मला पटलं नाही.

मी मात्र लिहून घेतली आहे. पहिल्या दिवशी सकाळी सातला तुमचं सामान आत यायच्या आधी मालकाकडून दार उघडून घेऊन मी खोलीत एकटाच थांबलो होतो. वही काढली आणि चारही दिशांचा रीतसर पंचनामा केला. टेप नव्हती, वितीनं मोजलं. सवय.

शेवटचा कोर्टाचा सीन पाहता आला नाही. गुडघा दुखत होता, बाहेर गाडीत जाऊन बसलो.

तुझा मोठेबाबा

(रत्नाबाई: गुडघा नव्हता दुखत. अंगणात फुटबॉल खेळेल इतका ठीक आहे.)


पिस्कॅटवे
२६ जानेवारी २०२५

मोठेबाबा,

जय भीम. हे पत्र ओव्हरनाइट कुरियरने पाठवतेय, कारण वेळ नाही.

स्टुडिओने सिनेमा दोनशे अनोळखी लोकांना दाखवला आणि फॉर्म भरून घेतले. सुरुवात आवडली, मधला भाग आवडला, शेवट? "बोअरिंग." एकाने लिहिलंय, म्हातारा नुसता बोलतो. स्टुडिओ म्हणतो, कोर्ट काढून टाक, कारकुनाला पार्किंग लॉटमध्ये गोळी घालू. त्यांचा माणूस मला म्हणाला, "क्राइम ड्रामा आहे ना, मग?" यार, मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते!

मी भांडले. शेवटी एवढंच मिळालं: १९ फेब्रुवारी, एकच दिवस. त्या दिवसात मी शेवट बरा करून दाखवायचा, नाहीतर त्यांनी दुसरा डायरेक्टर आणून गोळी घालायची.

आणि मग तुमची तक्रार आठवली. ऑक्टोबरमध्ये मी ते पत्र वाचून "हो हो, म्हातारबा" म्हणून ठेवून दिलं होतं, कान पकडते. पूर्ण सिनेमाभर कॅमेरा उत्तरेकडे बघतच नाही! प्रेक्षकही रिपोर्ट ऐकून, कारकुनासारखाच, दरवाजा आहे असं धरून चाललाय. तोसुद्धा जागेवर गेलेला नाही! मग शेवटी कारकून कोर्टात तोंड उघडतो, आणि पहिल्यांदा कॅमेरा मागे वळतो. उत्तर. भिंत. बस. बोलण्याची गरजच नाही.

पण खोली गेली. मालकाने लॉन्ड्री विकली, तिथे आता कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे. सगळं पाडलं. मी इथे गोडाउनमध्ये खोली पुन्हा उभी करतेय, पण आमच्याकडे फोटो तीनच भिंतींचे आहेत. चौथीचा एकही नाही. आणि कशीही भिंत उभारून चालणार नाही, कारण पायलने एक गोष्ट शोधली. ड्रायरच्या गोल काचेत ती भिंत दिसते! अंधुक, दहाबारा शॉट्समध्ये, काहीतरी रंगीबेरंगी लटकतंय. म्हणजे खरी गोष्ट सिनेमाभर समोर होती आणि कोणी बघितली नाही. हे मी ठरवून केलं असतं तर जिनियस म्हणाले असते. नशिबाने झालंय, पण आता ते जुळलंच पाहिजे.

तुमची वही आहे ना? फेकली नाही ना? उत्तर पाठवा. माझं सगळं त्यावर आहे.

उपासना


श्रूजबरी
२ फेब्रुवारी २०२५

चि. उपासनास,

वही फेकायला मी काय वेडा आहे? खाली जशीच्या तशी उतरवतो.

"उत्तरेस: विटांची पक्की भिंत, पिवळट रंग, लांबी लेखनिकाची चौदा पावले. दरवाजा नाही. खिडकी नाही. डाव्या कोपऱ्यात तोटीचा नळ, गळका. खाली निळी बादली, अर्धी भरलेली. जमिनीपासून सात विती उंचीवर आडवी दोरी. दोरीस लाकडी चिमट्यांनी लावलेले मोजे, एकूण सतरा. गिऱ्हाइकांचे मशीनमध्ये राहून गेलेले असावेत असे मालकाने सांगितले. एकही जोडी जुळत नाही. उजवीकडून चौथा मोजा लहान मुलाचा, लाल, त्यावर पिवळे बदक."

बाकीच्या मोज्यांचे रंग मागच्या पानावर क्रमानं दिले आहेत. सोबत माझ्या हाताचा आणि पायाचा कागद जोडला आहे, रत्नाबाईनं पेन्सिलीनं गिरवून दिला. म्हणजे वीत किती आणि पाऊल किती हे तुझ्या सुताराला कळेल.

आता दुसरं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

तुला नाव का टाकू दिलं नाही ते सांगतो. १९८७ साली मी ठाण्यात रायटर होतो, म्हणजे कागदपत्रं लिहिणारा लेखनिक. धान्याच्या गोदामात चोरी झाली. ठाणेदार म्हणाले, गजभिये, जायची गरज नाही, मी सांगतो, लिही. मी लिहिलं. "उत्तरेस दरवाजा, अर्धवट उघडा." टपरीवरचे दोन ठरलेले पंच होते, त्यांनी चहा पिता पिता सह्या केल्या. गोदामातल्या एका हमालाकडे किल्ल्या असायच्या, त्याला धरलं. कोर्टात तो ओरडून सांगत होता, "साहेब, तिथं भिंत आहे, जाऊन बघा." त्याचा वकील बघायला गेला नाही. मला विचारलं, पंचनामा जागेवर जाऊन लिहिला काय? मी म्हटलं, होय साहेब, जागेवर जाऊन लिहिला.

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

निकालानंतरच्या रविवारी मी सायकलनं गोदामावर गेलो. उत्तरेला भिंत होती. जुनी, शेवाळलेली. मी तिथेच चारही दिशा एका चिठ्ठीवर टिपून घेतल्या. घरी येऊन काही बोललो नाही, साहेबाला नाही, कोर्टाला नाही. नोकरी, दोन लहान लेकरं, अन् आपल्या माणसाला खात्यात टिकू देत नाहीत म्हणून आधीच जीव मुठीत. ही कारणं खरी आहेत, पण ती कारणंच आहेत. ज्यांनी शिकून नोकरी करा म्हटलं त्यांनी खोटं लिहा म्हटलं नव्हतं. त्यानंतर बावीस वर्षांत एकही पंचनामा मी जागेवर गेल्याशिवाय लिहिला नाही. सगळ्यांना वाटायचं गजभिये भारी काटेकोर. तूही त्यातलीच. तुझी कला म्हणतात ती माझ्या पापातून निघाली आहे, पोरी.

म्हणून कोर्टाच्या सीनला मी गाडीत जाऊन बसलो. आणि म्हणूनच सांगतो, त्या कारकुनाला गोळी घालू देऊ नको. मेलेला माणूस सुटतो. जे मी बोललो नाही ते त्याला बोलू दे.

दादाराव

(रत्नाबाईनं काहीही लिहिलेलं नाही. पण कागदावर हात गिरवताना तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता.)


पिस्कॅटवे
१ मार्च २०२५

मोठेबाबा,

झालं! झालं, झालं, झालं!

सुतारांनी तुमच्या हाताचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कापून घेतला आणि भिंत त्यानेच मोजली. आमच्याकडे आता मापाचं नाव "दादा" आहे. "दोरी किती वर?" "सेव्हन दादाज!" सतरा मोज्यांसाठी पायलने साठ लोकांना कपाटं उपसायला लावली. बदकाचा मोजा कुठेच मिळेना, तेव्हा तिने प्लेनोला आईला फोन केला आणि तिच्या आईने रात्री बसून विणून पाठवला. ड्रायर लावला, काचेत पाहिलं, जुन्या शॉटशी ताडून पाहिलं. जुळलं. मोजान् मोजा जुळला!

मग तो सीन. नट कोर्टात म्हणतो, "I did not go." आणि कॅमेरा वळतो. भिंत, बादली, सतरा मोजे. नळ टपटपतोय. पंचवीस सेकंद, दुसरं काही नाही. पहिल्याच टेकला झालं. मी "कट" म्हणायला विसरले. दिवा हलवणारा तो उंच माणूस आठवतो? तो पाठ फिरवून उभा होता, खांदे हलत होते.

स्टुडिओच्या माणसाने काल पाहिलं. मग म्हणाला, "मी सबंध सिनेमा त्या दारावर विश्वास ठेवून बसलो होतो." मी म्हटलं, सगळेच बसले होते. गोळी रद्द. माझा शेवट राहिला. मी जिंकले, मोठेबाबा!

आता तुमच्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. मी खोटं बोलणार नाही. मला राग आला. भिंतीचं पान सुतारांना दिलं आणि बाकीचं पत्र चार दिवस ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलं होतं. मग स्वतःचाही आला, तुम्ही झोपेत बोलायचात त्याची मी गोष्ट केली म्हणून. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, नटालाही नाही. आणि माफ करणारी मी कोण? माझी सायकल गेली होती, त्याची तीन वर्षं गेली होती.

पण एक विचारते. तुम्ही बादली निळी होती हे लिहिलंत, मोज्यावरचं बदक लिहिलंत. एवढं पानभर लिहिलंत आणि त्या माणसाचं नाव नाही लिहिलंत. का?

तुमचीच
उपासना


श्रूजबरी
१४ जून २०२५

चि. उपासनास,

जय भीम. उत्तराला साडेतीन महिने लागले, कारण उत्तर तयार नव्हतं.

शालिक नन्नावरे. त्याचं नाव शालिक नन्नावरे. अडतीस वर्षांत मी हे नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं. तू विचारलंस त्या दिवशी आंघोळीला जाताना पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. रत्नाबाईनं स्वयंपाकघरातून "ओ" दिली. तिला वाटलं कोणाला हाक मारतोय.

मग मी काय केलं ते ऐक. गोदामाचा खरा पंचनामा लिहिला. त्या रविवारी पाहिलं होतं तसा, आठवणीतून नाही, कारण तेव्हाच एका चिठ्ठीवर टिपून ठेवला होता अन् ती चिठ्ठी मी सातासमुद्रापार पाकिटात घेऊन आलो होतो. चारही दिशा. "उत्तरेस भिंत, दरवाजा नाही. आधीचा पंचनामा खोटा असून तो मी ठाण्यात बसून लिहिला व कोर्टात खोटे बोललो." खाली सही, हुद्दा, बक्कल नंबर. नोटरी करून घेतला. पाहिजे तर कोर्टात वापर, पेपरात छाप, माझं पेन्शन घालव, असं त्याला वेगळ्या कागदावर लिहिलं. माझी भाची उल्का नागपुरात वकिली करते, तिनं त्याला शोधून काढलं. तो जिवंत आहे, गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे, दोन नातवंडं आहेत. उल्कानं कागद हातात नेऊन दिला. म्हणाली, त्यांनी उभ्याउभ्या वाचला, घडी केली, आत गेले, बाहेर आलेच नाहीत.

अनुप म्हणाला, बाबा, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी म्हटलं, अवलक्षण आहेच, हात आता दाखवतोय.

परवा पाकीट आलं. वहीचं फाडलेलं पान. एवढंच लिहिलं आहे:

"कागद पोचला. भिंत होती हे मी तेव्हाच सांगत होतो. कागदाला फ्रेम करून दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक विचारते, मी वाचून दाखवतो. शालिक नन्नावरे."

माफ केलं असं लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून मागची बाजूसुद्धा बघितली. नाही. लिहायला पाहिजे असंही नाही. पण त्या दुपारी मी दोन तास झोपलो आणि रत्नाबाई शपथेवर सांगते की मी एक शब्द बोललो नाही.

आता तुझ्या सिनेमात माझं नाव टाक. तू म्हणतेस म्हणून नाही, मी मागतो म्हणून. सल्लागार, मार्गदर्शक असलं काही नको, मी कोणाला मार्ग दाखवलेला नाही. मी जे केलं तेवढंच लिही.

तुझा मोठेबाबा


ऑस्टिन, टेक्सास
८ ऑक्टोबर २०२५

मोठेबाबा, मोठीआई,

हॉटेलच्या कागदावर लिहितेय, अक्षर नाचतंय, कारण मीच नाचतेय.

फेस्टिव्हलचं पहिलं बक्षीस. बेस्ट डायरेक्टर वेगळं. कॅमेरा वळला तेव्हा हजार माणसांच्या हॉलमध्ये कोणीतरी "ओह नो" म्हणालं. संपल्यावर लोक उठून उभे, थांबेचनात. पायलचे आईवडील प्लेनोहून ड्राइव्ह करून आले होते. तिची आई शेजारच्या बाईला सांगत होती, तो बदकाचा मोजा माझा! एजंटचा मेसेज आला: पाचवा आणि सहावा दोन्ही पक्के, विषय तू सांग. ज्याने कॉलेजात जा म्हटलं होतं तोच! मी तीन तास उत्तर दिलं नाही, जरा तडफडू दे.

एका पत्रकाराने पुन्हा विचारलं, ही चार दिशांची शैली कुठून आली? मी म्हटलं, नागपूर पोलीस. ती हसली. मी नाही हसले. मग तिने लिहून घेतलं.

१४ नोव्हेंबरला वूस्टरच्या थिएटरला लागतोय. मी येऊ शकत नाही, त्या दिवशी पश्चिमेकडे असेन. तिकिटं अनुपच्या ईमेलवर आहेत. टायटल्स संपेपर्यंत उठू नका.

तुमची
उपासना


श्रूजबरी
१४ नोव्हेंबर २०२५

घटनास्थळ पंचनामा

आम्ही खाली सही करणारे पंच क्र. १ रत्नाबाई दादाराव गजभिये व पंच क्र. २ अनुप दादाराव गजभिये, यांना लेखनिकाने बोलावल्यावरून वूस्टर येथील थिएटरच्या पडदा क्र. चारमध्ये हजर राहिलो. पंचनामा दुपारी दीड वाजता सुरू केला.

पूर्वेस: भिंत, त्यावर लाल दिवा, बाहेर जाण्याचा रस्ता. दरवाजा आहे. लेखनिकाने स्वतः उघडून पाहिला.

दक्षिणेस: चढत्या रांगांत खुर्च्या. माणसे एकूण दोनशे बारा. पैकी मराठी बोलणारी एकोणतीस, कारण रत्नाबाईने सगळ्या श्रूजबरीला सांगितले होते.

पश्चिमेस: भिंत. भिंतीलगत अनुप, मक्याच्या लाह्या घेऊन.

उत्तरेस: पडदा.

पडद्यावर आपल्या उपासनाचे नाव आले तेव्हा पंच क्र. १ यांनी शिट्टी वाजवली. शिट्टी त्यांना येते हे लेखनिकाला लग्नाला पन्नास वर्षे होऊनही माहीत नव्हते. सिनेमा एक तास अठ्ठावन्न मिनिटे चालला. कोर्टाच्या सीनला लेखनिक बाहेर गेला नाही. कारकुनाने खरे सांगितले. मग आम्ही उत्तरेकडे तोंड करून पडद्यावर उत्तर बघितली. सतरा मोजे लेखनिकाने मोजले, सतराच आहेत. नळ गळत होता. रडणाऱ्यांची संख्या नोंदवता आली नाही, कारण लेखनिकाच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

शेवटी नावे सुरू झाली. लोक उठून जाऊ लागले. आम्ही बसून राहिलो. तीनशेएक नावे गेली. मग इंग्रजीत आणि त्याखाली मराठीत असे आले:

उत्तर भिंत: जागेवर जाऊन लिहिली, दादाराव गजभिये.

कोर्टात नाव पुकारले की उभे राहायचे, ही जुनी सवय. लेखनिक उभा राहिला. अंधारात, भरल्या थिएटरात, कोणी विचारलेले नसताना तो मोठ्याने म्हणाला, "हजर आहे, साहेब. जागेवर गेलो होतो."

पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईने मागे वळून पाहिले. तिला काही कळले नसावे. तिने टाळ्या वाजवल्या.

पंचनामा संपला. वाचून दाखवला.

सही
दादाराव गजभिये

पंच क्र. १: मी तिथेच होते. सगळं खरं आहे. रत्नाबाई.
पंच क्र. २: बरोबर आहे. Proud of you, बाबा. अनुप.